भोक पाडलेला डॉलर



आजचा विषय कागदावर जरा जड दिसतो: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कथा-कादंबऱ्यांतली भेट आणि बाजार. म्हणून विषय थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि एका नाण्यापासून सुरुवात करतो.

हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपानं आली. तिच्यात केंटकीतला एक जमीनदार कर्जात बुडतो आणि टॉम या आपल्या सर्वांत विश्वासू गुलामाला एका व्यापाऱ्याला विकून टाकतो. व्यापारी टॉमला घेऊन निघतो. वाटेत लोहाराच्या दुकानापाशी गाडी थांबते. तेवढ्यात जमीनदाराचा तेरा वर्षांचा मुलगा जॉर्ज घोडा दौडवत येतो, टॉमला मिठी मारतो आणि त्याच्या गळ्यात एक डॉलर बांधतो. डॉलरला भोक पाडून त्यात दोरा ओवलेला आहे. ही युक्ती टॉमच्या बायकोची, क्लोईची. गळ्यात घालून कपड्याखाली लपवला तर बरं, नाहीतर तो व्यापारी काढून घ्यायचा.

पहिल्या वाचनात या प्रसंगाला मला रडू आलं आणि मी पुढं गेलो. पुष्कळ वर्षांनी पुन्हा वाचताना त्या भोकापाशी थांबलो. नाण्याला भोक पाडलं की ते हातोहाती फिरायचं थांबतं. ते खर्चायचं नसतं, बाळगायचं असतं. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेत नाण्याचा दागिना होतो, तसंच काहीसं. त्याच आठवड्यात त्याच डॉलरांच्या हिशेबात टॉमची किंमत ठरलेली आहे, कागद झालेले आहेत. आणि आता तसलाच एक डॉलर त्याच्या छातीवर लटकतो आहे, त्याची किंमत म्हणून नव्हे, आठवण म्हणून. हे नाणं आपण लक्षात ठेवू. शेवटी पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

अमेरिकेत तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. खेड्यापाड्यांत दुकानदाराच्या वहीवर व्यवहार चालत. कोणी लोणी आणून द्यायचं, कोणी लाकूड, आणि वहीत जमा-नावे मांडलं जायचं. पुढं कालवे आले, रेल्वे आली, कापडाच्या गिरण्या आल्या, आणि रोख पैसा घराघरांत शिरला. तोही कसा, तर शेकडो बँकांच्या शेकडो तऱ्हेच्या नोटा. खरी कोणती नि खोटी कोणती हे दुकानदाराला पुस्तकात पाहून ठरवावं लागे. केंद्र सरकारच्या हिरव्या पाठीच्या नोटा यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये आल्या. त्याआधी १८३७ आणि १८५७ साली बाजार कोसळून माणसं देशोधडीला लागली होती. अशा काळात लेखकाला प्रश्न पडणारच, की या घरात आता काय विकायचं आणि काय द्यायचं?

हा प्रश्न सर्वांत जवळून पाहिला तो नॅथॅनियल हॉथॉर्ननं. ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ ही त्याची कादंबरी १८५१ची. दोनच वर्षांपूर्वी सेलमच्या जकात कचेरीतली त्याची नोकरी राजकारणामुळे गेली होती, म्हणजे पैशाची चणचण त्याला ऐकून ठाऊक नव्हती. कादंबरीत हेप्झिबा पिंचन नावाची एक उतारवयाची, अविवाहित, खानदानी बाई आहे. वाडा मोठा आहे, मात्र खायला नाही. श्रीमंत चुलतभाऊ न्यायाधीश आहे. तो पुन्हा पुन्हा मदत देऊ करतो. हेप्झिबाला ती नको आहे, कारण त्याच्या हसण्यात काय आहे हे तिला माहीत आहे. म्हणून ती वाड्याच्या दर्शनी भागात, बरीच वर्षं बंद असलेलं एक सेंटचं दुकान पुन्हा उघडते. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. सुया, दोरे, गोट्या, बिस्किटं, आल्याच्या पोळीसारख्या केकची जनावरं, असा माल.

दुकान उघडण्याआधीची तिची पहाट हॉथॉर्ननं इतकी लांबवली आहे की काही वाचक तिथंच पुस्तक मिटतात. मिटू नये. ती खिडकीत केकचा हत्ती मांडायला जाते, तर हात थरथरून हत्ती पडतो आणि त्याचे पाय नि सोंड मोडते. गोट्यांचा पेला कलंडतो आणि ही खानदानी बाई गुडघ्यांवर रांगत गोट्या वेचते. पहिलं गिऱ्हाईक म्हणून येतो तिच्याच वाड्यात भाड्यानं राहणारा तरुण छायाचित्रकार. तो बिस्किटं मागतो. ती देते, पण पैसे घेत नाही. आणखी थोडा वेळ तिला घरंदाज बाई राहायचं असतं. मग येतो शाळेत निघालेला छोटा नेड हिगिन्स. त्याच्या हातात एक सेंट आहे आणि नजर आहे खिडकीतल्या ‘जिम क्रो’वर, म्हणजे नाचणाऱ्या काळ्या माणसाच्या आकाराच्या केकवर. त्या पोराकडून पैसा घेणं तिच्यानं होत नाही. जा बाळ, तसाच घे, असं म्हणून ती त्याला वाटेला लावते. पोरगा बाहेर जातो, केक खातो आणि लगेच परत येतो. आता त्याला दुसरा हवा असतो. या वेळी ती सेंट घेते. त्या तांब्याच्या नाण्याचा डाग आपल्या तळहातावरून आता कधीच जायचा नाही, असं तिला वाटतं.

बी.ए.ला असताना आमच्या सरांनी हा प्रसंग वर्गात वाचून दाखवला होता. सगळे हसले. मला हसता आलं नाही. अब्बा गेल्यावर अम्मीनं घराच्या रस्त्याकडच्या खिडकीत असंच दुकान मांडलं होतं. लिमलेटच्या गोळ्या, पेन्सिली, काडेपेट्या, चहापूड. पहिल्या दिवशी आली ती सगळी मोहल्ल्यातली पोरं. कोणाची आई हिची मैत्रीण, कोणाच्या जन्माच्या वेळी ही रात्रभर जागलेली. दहा पैशांसाठी तिनं हात पुढं करायचा तरी कसा? संध्याकाळी गोळ्यांची बरणी अर्धी रिकामी झाली होती आणि गल्ला पूर्ण रिकामा. मामू रागावले. तिसऱ्या दिवशी तिनं वही घातली. पैसे मागायचे नाहीत, लिहून ठेवायचे. उधारीची वही म्हणजे भेट आणि बाजार यांच्या मधला ओटा. तिथं बसून माणसं बरीच वर्षं काढू शकतात. त्या वहीतले पुष्कळ हिशेब शेवटपर्यंत मिटले नाहीत. ते मिटावेत असं अम्मीला वाटत होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

हॉथॉर्नचं मोठेपण असं, की तो बाजाराला नुसताच नावं ठेवत नाही. पहिली कमाई झाल्यावर हेप्झिबाच्या अंगात एक नवीच तरतरी येते. त्या सेंटमध्ये विजेचा गुण असावा असं तो थट्टेनं सुचवतो. आणि त्या दिवशी बाई चहात चमचाभर पूड जास्त घालते. स्वतःच्या कमाईचा तो पहिला चहा! न्यायाधीश भावाच्या फुकट आधारात जी गुलामी होती, ती या एका सेंटमध्ये नाही. शेवट मात्र मला पटत नाही. न्यायाधीश मरतो, त्याची मालमत्ता या सगळ्यांना मिळते आणि दुकान बंद होतं. वाडा सोडताना हेप्झिबा नेडच्या हातावर चांदीची नाणी ठेवते. म्हणजे ती पुन्हा देणारी झाली. पण ते वारशाच्या जिवावर. दुकानातून वर आलेली हेप्झिबा मला पाहायची होती.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हॉथॉर्नच्या सुरुवातीच्या कितीतरी कथा, पुष्कळदा नावाशिवाय, छापल्या गेल्या त्या बॉस्टनच्या ‘द टोकन’ नावाच्या वार्षिकात. असली वार्षिकं त्या वेळी नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या सुमारास निघत. कथा, कविता, कोरीव चित्रं, झकास बांधणी. आपल्या दिवाळी अंकांची आठवण व्हावी असा थाट, पण एक फरक होता. ही पुस्तकं मुळी दुसऱ्याला देण्यासाठीच विकत घ्यायची असत. आत एक वेलबुट्टीचं पान कोरं ठेवलेलं असे, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव लिहायला. भेट हीच विकायची वस्तू झाली होती.

कवी माणसाला हे वाचून मौज वाटते. कवितासंग्रह विकला जात नाही, तो ‘सप्रेम भेट’ दिला जातो. एकदा रद्दीच्या दुकानात माझाच संग्रह मला दिसला. आतल्या पानावर माझ्या अक्षरात ‘सस्नेह’ लिहिलेलं होतं. ज्यांना दिला होता त्यांचं नाव सांगत नाही. मी तो विकत घेतला. त्या संग्रहाची रोखीनं विकली गेलेली एवढी एकच प्रत मला खात्रीनं माहीत आहे, आणि गिऱ्हाईक मीच!

एमर्सननं भेटवस्तूंवर एक छोटा निबंध लिहिला. दुकानातून आणलेली वस्तू देण्यात जीव नसतो, ज्यानं त्यानं आपल्या हातचं, आपल्या पोटातलं द्यावं, असा त्याचा रोख आहे. पण पुढं तो एक कडू गोष्टही सांगतो, की घेणाऱ्याच्या मनात देणाऱ्याविषयी थोडी अढी राहतेच. एमर्सनला हे ठाऊक असणार. त्याच्याच काँकर्ड गावात ब्रॉन्सन ऑल्कॉट हा त्याचा तत्त्वज्ञ मित्र राहत होता आणि त्याच्या कुटुंबाला एमर्सननं वेळोवेळी पैशाची मदत केली होती. या ब्रॉन्सननं १८४३ साली काही मंडळींबरोबर ‘फ्रूटलँड्स’ नावाची वसाहत काढली. व्यापार नको, मांस-दूध नको, गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून कापूसही नको. हिवाळा आला आणि काही महिन्यांतच सगळं आटोपलं. त्या प्रयोगात उपाशी राहिलेली त्याची मुलगी म्हणजे लुइझा मे ऑल्कॉट. तिनं पुढं लेखणी बाजारात नेली, घरावरचं कर्ज फेडलं आणि ‘लिटल विमेन’ लिहिलं. शांताबाई शेळक्यांनी ‘चौघीजणी’ म्हणून ते मराठीत आणलं, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना मेग, ज्यो, बेथ आणि एमी या घरच्याच मुली वाटतात.

१८६८च्या या पुस्तकाचा पहिलाच प्रसंग भेटवस्तूंचा आहे. भेटींशिवाय नाताळ कसला, अशी ज्योची कुरकुर. वडील युद्धावर, घरात ओढग्रस्त, प्रत्येकीकडे एकेक डॉलर. शेवटी चौघी त्या डॉलरमधून आईसाठी वस्तू आणतात. नाताळच्या सकाळी आई त्यांना समोरची न्याहारी उचलून एका गरीब जर्मन कुटुंबाला द्यायला लावते. त्याची बातमी शेजारच्या श्रीमंत म्हाताऱ्याला लागते आणि संध्याकाळी त्याच्याकडून आइसक्रीम, केक, फुलं येतात. दिलेलं भलत्याच दिशेनं परत येतं. हे थोडं गोडगोड आहे, कबूल.

पण लिंबांचं प्रकरण गोड नाही. एमीच्या शाळेत खारवलेल्या लिंबांचं वेड पसरलेलं असतं. मिठाच्या पाण्यात मुरवलेली लिंबं, आपल्या तोंडाला पाणी सुटेल अशी. मुली बाकाखाली लिंबं चोखतात आणि लिंबं देऊन पेन्सिली, मण्यांच्या अंगठ्या, कागदी बाहुल्या घेतात. म्हणजे लिंबू हे नाणं आहे. पण ज्या मुलीवर मन बसलं तिला लिंबू द्यायचं आणि जिच्यावर राग तिच्यासमोर चोखून तिला चाखूही द्यायचं नाही, असाही दंडक आहे. म्हणजे लिंबू ही भेटही आहे. एमीनं इतरांची लिंबं खाल्ली आहेत, परत दिलेली नाहीत. निदान डझनभर लिंबांचं देणं झालं आहे आणि ते अब्रूचं आहे. मेग तिला पाव डॉलर देते. एमी पंचवीस लिंबं घेते, एक वाटेतच खाते. शाळेत पोचताच तिची वट वाढते. काल टोमणे मारणारी मुलगी आज गोड बोलू लागते, एमी तिला झिडकारते आणि ती मुलगी मास्तरांना चहाडी सांगते. लिंबं जोडीजोडीनं खिडकीबाहेर फेकायची शिक्षा होते. खाली रस्त्यावर गरीब आयरिश पोरं ओरडत ती उचलतात. त्या सगळ्या देण्याघेण्याच्या रिंगणात ज्यांना कधी प्रवेश नव्हता, त्यांच्याच पदरात सगळा माल पडतो. भेटीवर नंतर विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिले, पण भेट म्हणजे कर्जही असतं आणि शस्त्रही असतं, हे एमीच्या लिंबांइतकं चटकन मला कुठल्याच ग्रंथातून कळलं नाही.

ज्योचे केसही असेच. वडील आजारी पडतात, आईला वॉशिंग्टनला जायचं असतं, आणि ज्यो आपले लांबसडक केस पंचवीस डॉलरला विकून येते. न्हावी आधी नाही म्हणतो. मग ज्योची हकिगत त्याच्या बायकोच्या कानी पडते. तिचाही मुलगा फौजेत आहे. सौदा होतो, आणि पैसे दिल्यावर ती बाई कापलेल्या केसांतली एक बट ज्योला परत देते. एकाच डोक्यावरचे केस, काही विकले गेले, एक बट भेट मिळाली. केस विकणारी दुसरी एक नायिका तुम्हाला आठवली असेल, नवऱ्यासाठी घड्याळाची साखळी घेणारी. ओ. हेन्रीची ती गोष्ट १९०५ची, म्हणून तिला आज दारातूनच नमस्कार.

हर्मन मेलव्हिलच्या ‘बार्टलबी’चंही थोडक्यातच सांगतो. १८५३ची ही कथा आहे, वॉल स्ट्रीटवरच्या एका कारकुनाची. कोणतंही काम सांगितलं की तो शांतपणे नकार देतो. त्याला घालवण्यासाठी वकील मालक बत्तीस डॉलर पुढं ठेवतो. बारा पगाराचे, वीस वरचे. बार्टलबी जात नाही आणि पैशाला हातही लावत नाही. पगारही नको नि दानही नको असं म्हणणारा माणूस समोर आला, की भल्या मालकाकडे काहीच उरत नाही.

मार्क ट्वेनकडे येताना हसू फुटतं. १८७६च्या ‘टॉम सॉयर’मध्ये कुंपणाला सफेदी लावायची शिक्षा टॉम अशी खुबीनं मांडतो, की पोरं सफेदी लावू देण्याबद्दल उलट त्यालाच मोबदला देतात. पतंग, गोट्या, दोरीला बांधलेला मेलेला उंदीर, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू. त्या मालावर तो रविवारच्या शाळेतली पाठांतराची तिकिटं घेतो आणि एकही वचन पाठ नसताना बायबलचं बक्षीस पटकावतो. असा हा पक्का व्यापारी. पण बेकीचं मन जिंकायचं असतं तेव्हा तो आपला सर्वांत मोठा ठेवा, एक पितळी मूठ, तिच्यापुढं धरतो आणि ती हातानं झटकून टाकते. बाजारात कधी न हरलेला पोरगा भेट देताना पहिल्यांदा हरतो.

‘हकलबरी फिन’मध्ये (१८८४-८५) हसता हसता घास अडकतो. पळून आलेला गुलाम जिम म्हणतो, की मी आता श्रीमंत आहे, कारण माझा मालक मीच आणि माझी किंमत आठशे डॉलर. या कादंबरीत चाळीस डॉलर तीनदा येतात. पळालेले गुलाम शोधणारी दोन माणसं, होडीवर देवी आल्याचं ऐकून घाबरतात आणि मदत करायला नको म्हणून हकला वीस-वीस डॉलर देतात. पुढं एक भामटा चाळीस डॉलरसाठी जिमला पकडून देतो. आणि शेवटी टॉम सॉयर जिमला चाळीस डॉलर देतो, कैदी बनून आपला खेळ रंगवल्याबद्दल. जिम त्याआधीच मालकिणीच्या मृत्युपत्रानं स्वतंत्र झालेला होता. टॉमला ते माहीत होतं. जिम खूश होतो. ट्वेन यावर एक शब्द बोलत नाही.

आता पुन्हा पहिल्या कादंबरीकडे. तिथं सेंट क्लेअर नावाचा दयाळू मालक टॉप्सी नावाच्या मुलीला विकत घेऊन आपल्या चुलत बहिणीला, ऑफेलियाला, भेट देतो. माणूसच भेट! ऑफेलिया कडक शिस्तीची. तोंडी दिलेलं मला चालणार नाही, आत्ताच्या आत्ता कागद कर, असं ती बजावते. त्या पोरीला मुक्त करता यावं म्हणून तिला ती कायद्यानं आपली करून हवी असते. तो हसत हसत बक्षीसपत्र लिहून देतो. आमच्या मुस्लिम कायद्यात ताबा दिला तर तोंडी हिबाही चालतो, पण ऑफेलियाचा माझ्या वकील मित्रांनाही अभिमान वाटेल. कारण त्याच सेंट क्लेअरनं आपल्या टॉमला मुक्त करण्याचा शब्द दिलेला असतो. कागद तेवढा राहिलेला असतो. तो अचानक मारला जातो. टॉप्सी वाचते आणि टॉम लिलावात उभा राहतो.

त्याला विकत घेतो तो लेग्री. तो डॉलर अजून टॉमच्या गळ्यात आहे, आणि त्याच्यासोबत सेंट क्लेअरच्या लहानग्या ईव्हानं मरताना दिलेली केसांची बट. एकदा टॉमला मार मार मारल्यावर लेग्रीचे नोकर त्या दोन्ही वस्तू धन्यापुढं आणून ठेवतात. सोनेरी केस बोटाला गुंडाळताच लेग्री घाबरतो आणि ते विस्तवात फेकतो. आणि डॉलर? माणसांची खरेदी-विक्री करणारा, पैशापलीकडे काही न ओळखणारा हा माणूस तो डॉलर खिशात टाकत नाही. खिडकीची काच फोडून तो बाहेरच्या अंधारात भिरकावतो.

पुढं जॉर्ज येतो, आता मोठा झालेला, टॉमला परत विकत घ्यायला पैसे घेऊन. टॉम शेवटचे श्वास घेत असतो. तो गेल्यावर जॉर्ज लेग्रीला विचारतो, या देहाचे किती द्यायचे? मेलेले मी विकत नाही, लेग्री म्हणतो, हवं तिथं पुरा. जॉर्ज आपला झगा गाडीत अंथरतो आणि त्यावर टॉमला ठेवतो.